आठ ते एक

आमच्या घरात सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. बोलायचं नाही म्हणजे कुजबुजायचंही नाही. खुर्ची ओढायची नाही, नळ पूर्ण सोडायचा नाही, शिंक आली तर कोपरात दाबायची. आम्ही आठ भावंडं, मम्मी आणि पप्पा अशी दहा माणसं करंजाडेतल्या एका छोट्या घरात रोज अशी राहायचो, की जिन्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत एखादी बाई एकटीच भाजी निवडत बसली असेल. आता ऐरोलीच्या ऑफिसात मी कुणाच्या मागे जाऊन उभी राहिले की माणूस दचकतो. शेजारच्या टेबलावरची प्राजक्ता म्हणते, "मांजर आहेस का गं तू? गळ्यात घुंगरू बांध एखादं." मी हसते. पायांची ही सवय कुठून आली ते तिला सांगायला बसले तर जेवणाची सुट्टी पुरायची नाही, आणि सांगून झाल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल हेही मला ठाऊक नाही.

करंजाडेच्या आधी आम्ही नेरूळला राहायचो. तिथे मी आणि माझ्या पाठचा अभिषेक इंग्रजी शाळेत जात होतो. मला शाळा फार आवडायची असं नाही. बाईंनी माझं नाव घेतलं की येत असलेलं उत्तरही तोंडातून बाहेर पडायचं नाही. पण मी पाचवीत असताना पप्पांनी आम्हा दोघांनाही शाळेतून काढलं. पप्पा तेव्हा उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कारकून होते आणि रविवारी आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत उपदेश करायचे. मूल ही देवाची देणगी, ती नाकारायची नाही, असा त्यांचा आणि मम्मीचा विश्वास. पाचव्या बाळाच्या वेळी नातेवाईक हसले, सहाव्याच्या वेळी त्यांनी येणंजाणं कमी केलं. पप्पा म्हणायचे, "देवानं मुलं आपल्या हातात दिलीत, व्हॅनवाल्याच्या आणि शाळेच्या बाईंच्या नाही." मग त्यांनी नोकरी सोडली, घरी बसून ट्रान्सपोर्टवाल्यांची बिलं करायला घेतली आणि आम्हाला स्वतः शिकवायला सुरुवात केली. गणित, इंग्रजी, वचनं, संडासाच्या टाकीतला बॉल बदलणं, सगळं तेच शिकवायचे. शिकवायचे चांगलं. आजही बिलातली चूक माझ्या नजरेला आधी दिसते, ती त्यांच्यामुळे.

नेरूळच्या सोसायटीत सेक्रेटरींनी एकदा लिफ्टमध्ये अभिषेकला विचारलं, "काय रे, आज शाळेला दांडी?" आम्हाला खोटं न बोलण्याची शिकवण. अभिषेक सरळ म्हणाला, "आम्ही शाळेत जातच नाही, अंकल." पुढच्याच आठवड्यात शाळेत न जाणाऱ्या मुलांची चौकशी करणाऱ्या दोन बाई घरी आल्या. बोलल्या चांगल्या, पाणी प्यायल्या, परत येतो म्हणाल्या. त्या परत आल्या नाहीत, पण त्यांच्या त्या शब्दानं पप्पांची झोप उडाली. कुठेतरी कुणाची तरी मुलं आईबापांकडून काढून वसतिगृहात ठेवली, असं त्यांनी ऐकलं होतं. कुठे, कुणाची, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि न सांगितल्यामुळे ती मुलं आमच्या मनात फार मोठी झाली. अभिषेकच्या पाठची बहीण कृपा रोज प्रार्थनेत "त्या मुलांना" आठवायची. शेवटी आम्ही करंजाडेला आलो. तिथे नवे रस्ते, अर्धवट इमारती, टँकर आणि कुणी कुणाला ओळखत नाही अशी स्थिती होती, आणि पप्पांना तेच हवं होतं.

शाळेच्या वेळेत घरातून मुलांचा आवाज आला नाही, तर मुलं शाळेत गेली असं लोक समजतील. त्यांनी तसं समजावं म्हणून आपण काही खोटं बोलत नाही. आपण फक्त गप्प बसतो. पप्पांचं गणित हे असं होतं. बाहेरच्या खोलीत फरशीवर त्यांनी यार्डातून आणलेल्या खोक्यांचं प्लायवूड सलग ठोकून घेतलं, त्यावर घोंगड्या अंथरल्या, आणि आम्हा सगळ्यांना जाड मोजे घातले. एप्रिल-मेमध्येसुद्धा मोजे. पाळण्यातलं बाळ तेवढं रडलं तरी चालायचं, कारण पाळण्यातल्या बाळाला शाळा नसते. तिसरं वर्ष लागलं की मोजे पायात आणि नियम डोक्यावर.

मम्मी नगरकडची. भाकरी थापल्याशिवाय तिचा स्वयंपाक होत नसे आणि थापलेल्या भाकरीचा आवाज तर भिंतीपलीकडे जातो. म्हणून आठाच्या आत घरात वादळ असायचं. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा, पाट्यावर लसणाची चटणी, पप्पांची मोठ्यानं प्रार्थना, बाथरूमसमोर रांग आणि रांगेत भांडणं. ओल्या टॉवेलवर उतरवलेल्या कुकरची शेवटची वाफ फुस्स करून जायची आणि घड्याळात आठ वाजायचे. पप्पा पितळेची छोटी घंटा एकदा वाजवायचे. त्या घंटेनंतर जो आवाज बंद व्हायचा, तो असा, की कान दुखायचे. काही राहिलंच शिजायचं तर डाळ, तीही उघड्या पातेल्यात, रटरट वाढली की गॅस कमी करत.

आणि मग आमचे हात बोलू लागायचे. हे कुणी ठरवून शिकवलं नाही, ते होत गेलं. तळहातावर दोन बोटं म्हणजे वाचायचं. छातीवर मूठ म्हणजे प्रार्थना. गळ्याला चिमटा म्हणजे पाणी. नाकावरून बोट खाली घसरलं की पप्पा, कारण पप्पांचा चष्मा सारखा घसरायचा. प्रत्येकाचं नावसुद्धा हातावर होतं. माझं होतं वेणीचा पीळ. पहिल्या वर्षी आम्ही फक्त गरजेचं बोलायचो, पुढे पुढे आम्ही हातांनी भांडायला लागलो, विनोद सांगायला लागलो. अभिषेक मंडळीतल्या जाड्या काकांची नक्कल करायचा आणि आम्ही उशीत तोंड खुपसून हसायचो. एक वाजला की घंटा परत वाजायची आणि सगळं घर एकदम फुटायचं. सगळ्यांचं साचलेलं बोलणं, पप्पांची पेटी, अभिषेकची ढोलकी, गीतं, टाळ्या, वाढा वाढा, मला आधी. त्या गोंधळात कुणी कुणाचं ऐकत नसे आणि ऐकावं अशी अपेक्षाही नसे. हात मात्र तेव्हाही चालूच असायचे, सवयीनं.

स्तुती आमच्यातली सातवी. मी चौदा वर्षांची होते तेव्हा ती चारची असेल. कपाळावर भोवरा, गाल फुगलेले, आणि नजर अशी, की तुमच्या तोंडावरची माशीसुद्धा तिच्यातून सुटणार नाही. ती बोलत नसे. घशातून घुं घुं असा आवाज काढायची, पण कुणी ओठांवर बोट ठेवलेलं दिसलं की तत्क्षणी बंद. पप्पा मंडळीत तिचं कौतुक करायचे: "आमच्या स्तुतीसारखं आज्ञाधारक लेकरू नाही. एकदाही नियम मोडत नाही." तिला संगीताची देणगी आहे, असंही सगळे म्हणायचे, कारण गीतं सुरू झाली की ती सरकत जाऊन ढोलकीला पाठ लावून बसायची आणि डोळे मिटायची. बोलत नाही याची काळजी कुणालाच नव्हती. अभिषेकसुद्धा उशिरा बोलला होता, आणि त्यानंतर थांबला नव्हता.

मला पहिली शंका आली ती डोंगराकडून. विमानतळाच्या कामासाठी त्या वर्षांत खाडीकडचे डोंगर फोडायचे. दुपारी आधी लांब भोंगा वाजायचा, मग थोड्या वेळानं सुरुंग. भोंगा झाला की आम्ही सगळी कानांवर हात ठेवून एकमेकांकडे बघत बसायचो, स्तुतीही ठेवायची, डोळे मोठे करून. एका दुपारी मी गॅलरीत कपडे काढत होते. स्तुती माझ्याकडे पाठ करून, ग्रिल मुठीत धरून खाली टँकरमधून सांडणारं पाणी बघत उभी होती. भोंगा झाला. मी सवयीनं कपडे टाकून कान झाकले. ती हलली नाही. भोंगा लांबलचक वाजत राहिला आणि तिची मान टँकरवरून फिरली नाही. मग सुरुंगाचा हादरा आला, ग्रिल थरथरलं, आणि तिनं आभाळाकडे किंवा डोंगराकडे नाही, तर स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. मूठ उघडली, परत मिटली. मला आठवतं, माझ्या हातातला पप्पांचा ओला बनियन माझ्या पायावर पडला होता आणि मी तो उचलत नव्हते.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मी तिच्या मागे मागे फिरायचे. बाहेरच्या खोलीत तिच्या पाठीमागे चमचा टाकला की ती वळायची, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. स्वयंपाकघरात टाकला की वळायची नाही. दोन्ही उत्तरं मला रोज मिळायची. बाहेर प्लायवूड होतं आणि आत नुसती फरशी, हा फरक ध्यानात यायला मला बरेच दिवस लागले. आणि आला तेव्हा मी मोरीत जाऊन नळ बारीक सोडून बसले. ती ऐकत नव्हती. ती पायांनी ओळखत होती, कोण आलं, कोण गेलं. आम्ही आवाज लपवायला जे अंथरलं होतं, त्यातूनच तिला आम्ही कळत होतो.

मी अभिषेकला सांगितलं. तो म्हणाला, "काहीही काय, ताई! मग ढोलकीला कशाला चिकटते? तुला ना, सगळ्यात टेन्शन शोधायची हौस आहे."

"पाठ लावून बसते ती. कान लावून नाही."

तो ढोलकीकडे बघू लागला. "पप्पांना सांगू नकोस," एवढंच म्हणाला.

मग मी मम्मीला सांगितलं. सकाळचे सात वाजून गेले असतील, ती भाकऱ्या थापत होती. मी तिच्या कानाशी जाऊन बोलले. तिचा हात भाकरीवर तसाच राहिला. मला वाटलं ती विचारेल, काय म्हणतेस, कशावरून. तिनं तसं काहीच विचारलं नाही. पिठाचा हात पदराला पुसला आणि हळू आवाजात म्हणाली, "दवाखान्यात नेलं की विचारतात बाळा. घरी किती मुलं. कुठल्या शाळेत. सगळं विचारतात." म्हणजे ती माझ्या आधीच तिथे पोचली होती आणि दवाखान्याच्या दारातून, मनातल्या मनात, परत फिरली होती. "देव करील," असं ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. ती भाकरी मधोमध फाटली. मम्मीची भाकरी फाटलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

आता मला झोप येईना. सांगितलं तर पप्पा दवाखान्यात नेणार, तिथे विचारणार, आणि मग ती माणसं येणार, कृपाच्या प्रार्थनेतल्या मुलांसारखं आम्हाला वेगवेगळ्या ठिकाणी नेणार. आणि ते माझ्यामुळे होणार. नाही सांगितलं तर स्तुती अशीच, ग्रिलमधून जग बघत मोठी होणार. मी तिच्याशेजारी झोपायचे. तिची पावलं माझ्या पोटाला टेकलेली असायची. मी "स्तुती" म्हणायचे, अगदी हळू, मग थोडं मोठ्यानं, आणि मग कुणी जागं होईल म्हणून गप्प. घरातला कुठलाही माणूस जिन्यावर पाऊल वाजलं तरी श्वास धरायचा, आणि मी दोन्ही कारणांनी धरायचे, कुणी येईल म्हणून आणि कुणीच येणार नाही म्हणूनही.

ते घडलं ते सकाळी, दहाच्या सुमाराला. मम्मी आतल्या खोलीत बाळाला न्हाऊ घालत होती. डाळ उतरवून तिनं पातेलं स्वयंपाकघराच्या जमिनीवर, भिंतीशी ठेवलेलं होतं. ते आमचं मोठं पातेलं, दहा माणसांच्या डाळीचं, अजून कडेनं बुडबुडे येत होते. पप्पा आम्हाला बाहेर टक्केवारी शिकवत होते, फळ्यावर, खडूचा आवाज होऊ नये म्हणून ओल्या बोटानं. तेवढ्यात आतून करकर असा आवाज आला. स्टीलची परात फरशीवरून ओढल्याचा. आमच्या घरात दहा वाजता तो आवाज म्हणजे वीज पडल्यासारखं. आम्ही सगळी दाराशी धावलो, मोज्यांवर, आवाज न करता. स्तुती आमच्याकडे पाठ करून, वाकून, परात दोन्ही हातांनी ओढत उलट्या पावलांनी मागे येत होती. रेषेत, सरळ, त्या पातेल्याकडे.

आणि आम्ही काय केलं? आम्ही हात हलवले. सहा भावंडं दारात दाटीनं उभी आणि बारा हात तिच्या पाठीला खुणा करतायत: थांब, थांब, थांब. कृपानं ओठांवर बोट ठेवलं. अभिषेकनं दोन्ही तळवे पुढे केले. कुणाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. ते चित्र आजही डोळ्यांसमोर येतं तेव्हा मला आधी हसू येतं आणि मग येत नाही.

"स्तुतीऽऽ!"

तो आवाज माझा होता, हे मला नंतर कळलं. वर्गात नाव पुकारल्यावर "प्रेझेंट" म्हणता न येणारी मी. माझा आवाज स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटून गॅलरीतून बाहेर गेला असणार, समोरच्या इमारतीवर गेला असणार. सगळी भावंडं माझ्याकडे वळली. आतून मम्मी ओल्या हातांनी धावत आली. पप्पा मागून आले. बाळ रडायला लागलं. फक्त स्तुती वळली नाही. ती परात ओढत आणखी एक पाऊल मागे आली. अभिषेक उडी मारून तिच्यावर पडला, तिला उचललं, परात पातेल्याला लागली आणि डाळ उसळून त्याच्या मोज्यावर सांडली. तो ओरडला नाही. एवढं भाजूनसुद्धा त्यानं नुसतं तोंड उघडलं, इतकी सवय.

पप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. अभिषेकच्या कडेवरच्या स्तुतीची पाठ त्यांच्याकडे होती. "स्तुती," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "स्तुती बाळा." ती खाली सांडलेल्या डाळीकडे बोट दाखवत होती. पप्पा बाहेरच्या खोलीत गेले आणि पितळेची घंटा घेऊन आले. ती तिच्या डोक्यामागे धरून त्यांनी वाजवली. सकाळी दहा वाजता. एकदा वाजवली, दोनदा वाजवली, मग नुसतीच वाजवत राहिले. धाकट्यांना कळेना की आता बोलायचं का. त्यांतला आशीष हळूच म्हणाला, "पप्पा, एक वाजला?" पप्पांनी घंटा खाली ठेवली. त्यांचा चष्मा नाकावर आला होता आणि तो वर करायचं त्यांना सुचत नव्हतं.

दारावर थाप पडली. आम्ही सगळी जागच्या जागी थिजलो. "कोन वरडला गो? कोन पडला काय?" खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण वत्सलाकाकी होत्या. मूळ गावातल्या, त्यांच्याच जागेवर इमारत उभी राहिलेली. आमचा त्यांच्याशी संबंध भाडं देण्यापुरता. पप्पांनी दार उघडलं. काकींना आत दिसलं ते हे: शाळेच्या वेळेला सातच्या सात मुलं, मोज्यांत, आणि जमिनीवर डाळ.

त्यांनी आधी अभिषेकचा पाय पाहिला. "पानी घाल त्यावर, बगत काय रायलाव? थंड पानी घाल!" मम्मीनं पाणी ओतलं. मग काकी पप्पांकडे वळल्या. "भाव, काय झाला?"

पप्पा खोटं बोलत नसत. आणि गप्प बसून भागणार नव्हतं. "मुलं शाळेत जात नाहीत," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "घरीच असतात. आम्ही घरी शिकवतो."

"ता मना माहीत हाय."

पप्पांनी मान वर केली.

"आठ पोरां हायत, एकाच्या पन पाठीवर दप्तर नाय. मी काय आंधली हाय? दोरीवर एक युनिफारम बगितला नाय कदी, निसते मोजे." काकी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाल्या, "मना वाटला, तुमच्या देवाचा नेम असंल सकालचा. मौन. मी सुनेला पन सांगितला, वरती देवाचा चाललाय, मिक्सर एक वाजल्यावर लाव. तीन वरसा झाली, आमचे घरान मसाल्याचा वाटप दुपारी होतंय."

पप्पा खाली बसले. प्लायवूडवर, भिंतीला टेकून. तीन वर्षं आम्ही ज्यांच्यासाठी श्वास धरला, त्यांनी आमच्यासाठी मिक्सर धरला होता. मला तेव्हा याचं हसू आलं नाही. मला फक्त भीती वाटत होती, की पप्पा आता उठून सामान बांधायला सांगतील. काकींनी पप्पांकडून नजर काढून स्तुतीकडे नेली. "आन् ही? हिला ऐकू येत नाय ना?" तेही त्यांना ठाऊक होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. पप्पांनी मान हलवली. हो की नाही ते कळत नव्हतं. मम्मी पुढे झाली. ओला पदर खोचलेला, हात अजून साबणाचे. पप्पांसमोर उभी राहून ती म्हणाली, "आज न्यायचं. आत्ता." मम्मीनं पप्पांना असं सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं.

माझी नजर दाराशी काढलेल्या पप्पांच्या चपलांवर होती. मग ते उठले, स्तुतीला कडेवर घेतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुवार्ता, चल." आम्ही अकराच्या उन्हात, शाळेच्या वेळेत, जिना उतरलो. मला सगळ्या खिडक्या आमच्याकडे बघतायत असं वाटत होतं. कुणी बघत नव्हतं. एक माणूस टँकरचा पाइप गुंडाळत होता, एवढंच.

पनवेलच्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाईनं विचारलंच. "घरी किती मुलं?"

"आठ," पप्पा म्हणाले.

"बाकीची शाळेत?"

पप्पांनी चष्मा वर केला. "नाही. घरी शिकवतो."

बाईनं मान वर न करता विचारलं, "पत्ता?"

त्या प्रश्नाची आम्ही इतकी वर्षं वाट बघितली होती, आणि तो असा होऊन गेला. पुढे कुणी आम्हाला घ्यायला आलं नाही. मी दहावी बाहेरून दिली, धाकटी चौघं हळूहळू शाळेत गेली. पप्पांनी कशाचीच घोषणा केली नाही, एकेक दप्तर येत गेलं. पण तो भोंगा माझ्यात अजून वाजतो. ऑफिसात कुणी "एक मिनिट येतेस?" म्हटलं की मी आधी सामान कुठे ठेवलंय ते आठवते.

बरेच दिवस तपासण्या चालल्या. कानांची तपासणी करणारी बाई तरुण होती, हसरी. स्तुतीला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, जन्मापासूनच नसावं, असं तिनं सांगितलं. यंत्र लावू, थोडा उपयोग होईल, आणि तिच्यासारख्या मुलांच्या शाळेत घाला. शाळा या शब्दावर पप्पांनी नुसती मान खाली घातली. इतक्यात स्तुतीनं गळ्याला चिमटा घेतला, मग वेणीचा पीळ केला. मी तिला पाणी दिलं. बाई बघत राहिली. तिनं स्तुतीला चित्रं दाखवली, स्तुती हातांनी एकेकाला नाव देत गेली. "हिला केवढ्या खुणा येतात!" बाई म्हणाली. "अशी मुलं येतात ना, त्यांच्याकडे काहीच भाषा नसते. हिला कुणी शिकवलं?"

"घरीच," मी म्हणाले.

निघताना बाई म्हणाली, "मागून हाक मारून उपयोग नाही, सगळे असे मागून अचानक आले की ती घाबरेल. जमिनीवर पाय आपटा. तिला कळेल."

त्या शेवटच्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले. घंटा वाजली नाही. आम्ही तरीही गप्पच होतो. कुणी सांगितल्याशिवाय बोलायचं कसं ते कळत नव्हतं. कुकरखालचा टॉवेल सुकायला टाकलेला होता. स्तुती बाहेरच्या खोलीत आमच्याकडे पाठ करून घोंगडीची दशी उसवत बसली होती. पप्पा आले. तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबले. आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग खाली वाकून त्यांनी पायातले मोजे काढले, आधी एक, मग दुसरा, आणि ते हातातच धरून ठेवले. मोज्यांत राहून त्यांची पावलं पांढरी पडली होती. घोंगडीचं टोक त्यांनी पायानं बाजूला सारलं. खालचं प्लायवूड उघडं झालं.

पप्पांनी पाय उचलला आणि आपटला.

सगळी खोली हादरली. मांडणीवरचे पेले वाजले. आशीषनं सवयीनं ओठांवर बोट ठेवलं.

खालून काकींचा आवाज आला, "काय रं, काय पडला?"

स्तुती वळली.